३०१८ सीएनसीवर जुना लाकडी साचा स्कॅन करून तसाच दुसरा कोरायचा असेल तर

विचारणा अशी आहे: गुढीपाडव्याच्या साखरगाठींचा जुना सागवानी साचा घरात आहे. नक्षीचा भाग १२० बाय ४० मिलिमीटर, सगळ्यात खोल जागा साधारण ८ मिलिमीटर. लाकडाला कडेने चीर गेली आहे, नक्षी मात्र शाबूत आहे. हाताशी ३०१८ जातीची छोटी सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकुमांवर कोरणारं मशीन) आहे, जीआरबीएल या कंट्रोलर सॉफ्टवेअरवर चालणारी. तिच्यावरच हा साचा थ्रीडी स्कॅन करून तसाच दुसरा कोरता येईल का? प्रोब (टेकून उंची मोजणारा) घ्यावा की लेझर? ०.१ मिलिमीटरच्या अंतराने स्कॅन करायला किती वेळ लागेल?

येईल. प्रोब घ्या. आणि ०.१ चा नाद सोडा. १२० बाय ४० च्या क्षेत्रात ०.१ च्या अंतराने ४,८१,६०१ बिंदू होतात. एका बिंदूला दोन सेकंद धरले तरी मशीन अकरा दिवस टकटक करत बसेल. ०.५ च्या अंतराने तेच १९,५२१ बिंदू, म्हणजे अकरा तासांच्या आत काम. त्याहून बारीक जाऊन तुमच्या हाती जास्तीचं काही लागणार नाही. का, ते पुढे सांगतो.

आधी एक ठरवा. तुम्हाला साच्याचं कॉम्प्युटरमधलं मॉडेल हवंय, की दुसरा साचा हवाय? ऐकायला सारखंच वाटतं, पण कामाच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. बहुतेक जण दुसऱ्यासाठी पहिल्यातून जातात: बिंदू गोळा करायचे, त्यांची जाळी करायची, जाळीतली भोकं बुजवायची, एसटीएल (थ्रीडी मॉडेलची फाइल) काढायची, ती कॅम सॉफ्टवेअरमध्ये घालायची आणि मग टूलपाथ, म्हणजे कटरचा मार्ग. प्रत्येक पायरीवर नक्षीच्या कडा थोड्या थोड्या गोल होत जातात, आणि शेवटी साच्याला साबण घासल्यासारखी गुळगुळीत कळा येते. तुम्हाला दुसरा साचा हवाय. मग या वाटेला जायचं कारणच नाही.

प्रोबच्या टोकाला २ मिलिमीटर व्यासाचा बॉल आहे असं धरा. तो लाकडाला टेकतो तेव्हा मशीनला बॉल कुठे आहे एवढंच कळतं. लाकूड नेमकं कुठे आहे हे कळत नाही. सपाट जागी बॉलचा तळ टेकतो, उतारावर त्याची कूस टेकते. म्हणून ४५ अंशांच्या उतारावर आकडा खऱ्या पृष्ठभागापेक्षा ०.४१ मिलिमीटर वर येतो, ६० अंशांवर पूर्ण १ मिलिमीटर वर. मॉडेल बनवणाऱ्यासाठी ही चूक आहे आणि ती गणिताने काढावी लागते. पण आता प्रोब काढून त्याच जागी २ मिलिमीटर व्यासाचा बॉलनोज (गोल टोकाचा) कटर लावला असं समजा. लाकूड जास्त न खाता हा कटर उतारावर कुठवर खाली येऊ शकेल? बॉल जिथे थांबला होता तिथवरच. म्हणजे प्रोबने दिलेले कच्चे आकडे हाच तुमचा टूलपाथ आहे. ते ओळीने जी १ (सरळ रेषेत जा) हुकुमांमध्ये लिहून काढा आणि चालवा. कसलीही दुरुस्ती नको, जाळी नको, कॅम नको.

जुन्या कॉपी मिलिंग मशीनचं तत्त्व हेच. एका बाजूला नमुन्यावर ट्रेसर फिरायचा, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच त्रिज्येचा कटर जॉबवर. पॅटर्नच्या कामात ज्यांचं आयुष्य गेलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे फरक एवढाच, की ट्रेसर आज रात्री फिरतो आणि कटर उद्या सकाळी.

यातून आणखी एक फायदा पदरात पडतो, आणि स्वस्त मशीनवर तो फार मोठा आहे. स्कॅन आणि कटिंग एकाच मशीनवर होत असल्यामुळे मशीनच्या बऱ्याच चुका आपोआप वजा होतात. समजा तुमच्या एक्स अक्षाची स्टेप प्रति मिलिमीटरची संख्या एक टक्का चुकलेली आहे. स्कॅन करताना १०० मिलिमीटरची नक्षी ९९ नोंदली जाईल. कोरताना मशीनला ९९ सांगाल, ते १०० जाईल. एक्स आणि वाय काटकोनात नसले तरी तसंच, बेड एका बाजूला कललेला असला तरी तसंच, फक्त नवा तुकडा त्याच जागी, त्याच दिशेने बांधलेला हवा. तोच स्कॅन मित्राच्या मशीनवर नेलात की या सगळ्या चुका पुन्हा जिवंत होतात.

वजा न होणाऱ्या चुका तीन. पहिली बॅकलॅश: जाताना आणि येताना लेडस्क्रूचा खेळ वेगळ्या बाजूला जातो. म्हणून स्कॅनची प्रत्येक ओळ एकाच दिशेने घ्या, डावीकडून उजवीकडे, आणि फिनिशिंगचा पासही त्याच दिशेने. रिकाम्या हाताने परत यावं लागतं, वेळ जातो, जाऊ द्या. दुसरी, कटरच्या जोराने वाकणारं मशीन. याला औषध एकच, फिनिशिंगला कमी लाकूड ठेवणं. तिसरी, कटरचा खरा व्यास. डबीवर २.० लिहिलेला स्वस्त बॉलनोज मायक्रोमीटरवर १.९५ निघू शकतो. तेवढ्याने खाच ०.०५ ने अरुंद होईल, गाठीत ते कुणाला दिसणार नाही, पण माहीत असावं.

मर्यादाही आत्ताच सांगून ठेवतो. तीन अक्षांच्या मशीनवर प्रोब फक्त वरून खाली येतो. प्रत्येक एक्स-वाय जागेला एकच उंची मिळते. साचा, नाणं, पदक, दारावरची उथळ नक्षी, ब्लॉक प्रिंटिंगचा ठसा यांना हे छान जमतं. साच्याला तर ड्राफ्ट (भिंतींना बाहेरच्या बाजूला उतार) असतोच, नाहीतर माल बाहेरच येणार नाही. म्हणजे साचा हा प्रोबसाठीच बनवल्यासारखा जॉब आहे. गणपतीची मूर्ती स्कॅन करायची असेल तर सोंडेखाली, काखेत प्रोब पोचत नाही. तिथे सीएनसी विसरा, मोबाइलने फोटो काढा आणि मेशरूमसारख्या सॉफ्टवेअरने फोटोग्रामेट्री (फोटोंवरून थ्रीडी मॉडेल) करा. फोटोंतून माप येत नाही, म्हणून शेजारी पट्टी ठेवायला विसरू नका.

आता प्रोब. पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा साचा असता तर प्रोबही लागला नसता. एक वायर साच्याला, एक कटरला, टेकलं की सर्किट पूर्ण. लाकूड वीज वाहत नाही, म्हणून स्वतः उघडणारा-मिटणारा प्रोब हवा. त्याची रचना ठरलेली आहे: स्टायलसला (टेकणाऱ्या काडीला) वर तीन आडव्या दांड्या, १२० अंशांवर. प्रत्येक दांडी दोन गोळ्यांच्या मध्ये बसते, वरून स्प्रिंग दाबते. सहा गोळ्यांमधून एकच सर्किट ओवलेलं असतं. टोक कुठूनही ढकललं गेलं की एखादी दांडी उचलली जाते, सर्किट तुटतं, आणि सोडलं की दांड्या पुन्हा त्याच जागी बसतात. ही युक्ती डेव्हिड मॅकमर्ट्री यांची. रोल्स-रॉइसमध्ये असताना १९७२ मध्ये कॉनकॉर्डच्या ऑलिंपस इंजिनाच्या बारीक इंधननळ्या मोजताना अडचण आली, त्यातून हा टच-ट्रिगर प्रोब जन्माला आला. पुढच्या वर्षी त्यावर रेनिशॉ कंपनी उभी राहिली. आज बाजारात मिळणारे किंवा घरी बनवलेले स्वस्त प्रोब हे त्याचेच नातलग आहेत. घरी बनवणार असाल तर दांड्यांना पॉलिश केलेल्या ड्रिलचे दांडे आणि गोळ्यांना सायकलच्या बेअरिंगचे छरे चालतात. गोळ्या बसवल्यावर त्यांच्यावर फेविक्विकचा थर राहू देऊ नका. तो राहिला की प्रोब कधी लागतो, कधी नाही. स्टायलस मात्र विकतच घ्या, एम२ आट्याचा, रुबी बॉलवाला. त्याच्या गोलाईची खात्री असते.

त्रिकोणी रचनेमुळे एक दोष राहतो: आडव्या दिशेने ढकलताना काही दिशांना प्रोब लवकर उघडतो, काहींना उशिरा. आपण वरून खाली टेकवतो, तेव्हा त्याचा त्रास कमी. तरी प्रोब कोलेटमध्ये (स्पिंडलच्या कटर धरणाऱ्या पकडीत) बसवला की एक खूण करा आणि काम संपेपर्यंत स्पिंडल हाताने फिरवू नका. स्पिंडलची वायर तर काढूनच ठेवा. प्रोब लावलेला असताना चुकून एम ३ (स्पिंडल फिरवायचा हुकूम) गेला तर वायरीची जी वेणी होते ती बघण्यासारखी असते, पण महाग पडते.

जोडणी सोपी आहे. ३०१८ च्या बऱ्याच बोर्डांवर ए५ आणि जीएनडी अशा दोन पिना असतात, त्यात प्रोबच्या दोन वायरी. जीआरबीएल मुळात धरून चालतं की प्रोब टेकल्यावर सर्किट जुळतं. आपल्या प्रोबमध्ये उलट आहे, टेकल्यावर तुटतं, म्हणून $६ या सेटिंगची किंमत १ करा. मग प्रश्नचिन्ह पाठवून स्टेटस बघा: टोक बोटाने ढकललं की पीएन च्या पुढे पी दिसायला हवा आणि सोडल्यावर जायला हवा. हे बघितल्याशिवाय एकही हुकूम देऊ नका. वायर लांब असेल आणि मधूनच खोटे स्पर्श येत असतील तर शिल्ड असलेली वायर वापरा आणि पिनेवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

वेगाचं गणित एकदा कागदावर करा, कारण प्रोब मोडतो तो इथे. स्पर्श झाला की जीआरबीएल त्या क्षणाची जागा टिपून ठेवतं, पण मशीन जागच्या जागी थांबत नाही, वेग कमी करत थांबतं. थांबेपर्यंतचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले प्रवेगाची दुप्पट. जीआरबीएलचा मूळ प्रवेग दर सेकंदाला १० मिलिमीटर प्रतिसेकंद इतका आहे, झेडसाठी तो $१२२ मध्ये दिसेल. मिनिटाला ३०० मिलिमीटर म्हणजे सेकंदाला ५. त्याचा वर्ग २५, भागिले २०, म्हणजे स्पर्शानंतर आणखी १.२५ मिलिमीटर खाली. लहान प्रोबच्या स्प्रिंगला एवढं सहन होत नाही. मिनिटाला १०० ठेवलं तर तेच अंतर ०.१४ मिलिमीटर. म्हणून १०० च्या वर जाऊ नका, किंवा आधी मशीनला स्टेप न चुकवता किती प्रवेग झेपतो ते बघून तो वाढवा.

यातूनच दुसरी गोष्ट: नोंद करायची ती पीआरबी ने सुरू होणाऱ्या उत्तरातली जागा, मशीन थांबलं ती जागा नव्हे. दोन्हींत वरचं ०.१४ आहे. शिवाय पीआरबीमधले आकडे मशीन कोऑर्डिनेटमध्ये असतात, तुमच्या जी ५४ च्या (जॉबवर ठरवलेल्या) शून्यातून नाही. ऑफसेट वजा केला नाही तर पहिल्याच कटला कटर बेडमध्ये घुसेल. उत्तराच्या शेवटी १ असेल तर स्पर्श झाला, ० असेल तर नाही.

खरं स्कॅनिंग सुरू करण्याआधी दोन चाचण्या करा. पहिली: लाकडावरच्या एकाच जागी वीस वेळा टेकवा आणि आकडे मांडा. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान यात ०.०२ चा फरक असेल तर खुशाल पुढे जा. ०.०५ च्या वर असेल तर प्रोबचे छरे पुसा, कोलेट आवळा, झेडचा नट बघा. पुन्हा पुन्हा तोच आकडा येणं हीच या कामात खरी किंमत आहे. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे तीन दशांश कुणालाही मिळतात. दुसरी: खिडकीच्या काचेचा तुकडा बेडवर ठेवून १० मिलिमीटरच्या अंतराने स्कॅन करा. काच सपाट असते, म्हणून जे चढउतार दिसतील ते मशीनचे. थोडा एकसारखा कल असेल तर हरकत नाही, तो वजा होतो हे वर सांगितलंच. मध्येच एखादी पायरी दिसली तर स्टेप चुकतेय किंवा काहीतरी ढिलं आहे, आणि ते आधी शोधावं लागेल.

साचा बांधताना जुन्या लाकडाला खिळा-स्क्रू नको. चारी बाजूंनी लाकडी पाचरी ठोका, हलक्या हाताने, चिरेच्या दिशेने जोर न लावता. पाण्यात भिजवून वापरलेला साचा असेल तर पूर्ण वाळू द्या, नाहीतर स्कॅन चालू असतानाच तो आकसत राहील. खाचांमधे साखरेचे जुने खडे असतात, ते कोमट पाणी आणि दातांच्या मऊ ब्रशने काढा. प्रोबला साखर आणि सागवान यातला फरक कळत नाही.

वेळ वाचवायचा खरा मार्ग बिंदू कमी करण्यात नाही, उचल कमी करण्यात आहे. तयार ग्रिड-प्रोबिंग बहुधा प्रत्येक बिंदूनंतर सुरक्षित उंचीपर्यंत वर जातं. ८ मिलिमीटर खोल खाचेत मिनिटाला १०० च्या वेगाने पुन्हा तळाशी यायला प्रत्येक वेळी जवळजवळ पाच सेकंद. त्याऐवजी शेवटच्या स्पर्शापासून फक्त १ मिलिमीटर वर उचला, ०.५ पुढे सरका, पुन्हा खाली. ६० अंशांच्या भिंतीवर ०.५ पुढे गेल्यावर लाकूड ०.८७ ने वर येतं, तेव्हा १ मिलिमीटरची उचल तिथपर्यंत पुरते. त्याहून उभी भिंत आली तर? आडवं सरकणंही जी ० ने (नुसतं वेगाने जा) न करता जी ३८.३ ने (टेकेपर्यंत जा) करा. जी ३८.२ स्पर्श झाला नाही तर अलार्म देऊन मशीन थांबवतं, जी ३८.३ गप्प राहतं. आडवं जाताना मध्येच स्पर्श झाला तर स्क्रिप्टने अर्धा मिलिमीटर वर उचलायचं, स्पर्श सुटला का ते बघायचं, आणि पुन्हा पुढे जायचं. स्पर्श न सोडताच पुढचा प्रोब हुकूम दिला तर अलार्म ४ येतो आणि रात्रीचं काम तिथेच बसतं. ही स्क्रिप्ट पायथनमध्ये शंभरेक ओळींची होते. लिनक्ससीएनसी वापरणाऱ्यांना तेवढंही करायला नको, त्यासोबत ग्रिडप्रोब आणि स्मार्टप्रोब नावाच्या नमुना फाइल येतात. दुसरीत ही कमी उचलीची युक्तीच आहे.

०.५ का पुरे? टूलपाथच्या दोन ओळींमधे बॉलनोज जो उंचवटा सोडतो त्याची उंची म्हणजे ओळींमधल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठ पट. ०.५ अंतर आणि १ मिलिमीटर त्रिज्येला ०.०३ मिलिमीटर. २२० नंबरच्या पॉलिश पेपरचा एक हात फिरवला की गेला. ०.२५ वर गेलात तर उंचवटा ०.००८ होतो आणि बिंदू चौपट. तेवढी अचूकता तुमच्या मशीनच्या प्लास्टिक नटमध्येच नाही.

गाठीच्या साच्यात तीच पदकं पुन्हा पुन्हा येतात. तेव्हा एकच पदक स्कॅन करून बाकी कॉपी-पेस्ट करावीत असं सुचेल. वेळ नक्कीच वाचेल. मी तसं करणार नाही. हाताने कोरलेल्या साच्यात कुठलीही दोन पदकं सारखी नसतात, एकात पाकळी जरा मोठी, दुसऱ्यात कारागिराचं पटाशीचं टोक किंचित घसरलेलं. रात्रभर मशीन चालवायचंच आहे, तर पूर्ण साचा घ्या.

रात्रभराच्या कामात दोन शत्रू. एक तापमान. दुपारी सुरू केलेलं स्कॅन पहाटेपर्यंत चाललं की झेड काही शतांशांनी सरकतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी साच्याच्या कोपऱ्यावरची एक ठरलेली सपाट जागा टेकवा, आकडा नोंदवा, आणि त्या ओळीतून तो फरक वजा करा. दुसरा शत्रू लाइट. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, पण कंट्रोलरची वीज गेली की मशीन आपली जागा विसरतं, आणि साध्या ३०१८ ला होमिंगचे स्विच नसतात. प्रत्येक ओळ संपली की फाइल सेव्ह व्हायला हवी, आणि वर सांगितलेल्या ठरलेल्या जागेबरोबर साच्याच्या दोन बाजूंच्याही संदर्भाच्या जागा सुरुवातीलाच नोंदवून ठेवा, म्हणजे लाइट आल्यावर एक्स, वाय, झेड पुन्हा पकडता येतील. लहान यूपीएस असेल तर उत्तम. लॅपटॉपचा स्लीप मोड मात्र न विसरता बंद करा. लाइटीपेक्षा त्यानेच जास्त स्कॅन बुडतात.

आता या पद्धतीची खरी अडचण. दोऱ्यासाठीची खाच, पाकळ्यांमधली रेघ, या २ मिलिमीटरपेक्षा अरुंद असतील तर बॉल आत जाणारच नाही, वरच्या वर टेकून पुढे जाईल. तेवढी जागा नव्या साच्यात बुजलेली येईल. पहिला उपाय म्हणजे १ मिलिमीटरचा बॉल आणि ०.५ त्रिज्येचा कटर. सरळ १ मिलिमीटरचा बॉलनोज सागवानात पटकन मोडतो, त्याऐवजी टेपर बॉलनोज घ्या, मुळाशी जाड आणि टोकाला ०.५ त्रिज्या. त्याचा टेपर भिंतीला घासतो, पण साच्याला ड्राफ्ट असल्यामुळे चालून जातं. अंतर मग ०.२५ करावं लागेल आणि बिंदू चौपट, म्हणून हे फक्त बारीक रेघांच्या पट्ट्यापुरतंच करा. दोऱ्याची खाच तर मी स्कॅनमधून घेतच नाही, सरळ एका ओळीचा कट देतो.

दुसरा उपाय मजेशीर आहे: साच्याचा ठसा घ्या. तेलाचा पातळ हात देऊन प्लास्टर ऑफ पॅरिस ओता. साच्यातली अरुंद रेघ ठशावर उंचवटा होऊन येते, आणि उंचवट्यावर कितीही जाड बॉल टेकतो. पण आता कच्चे आकडे थेट कटरला देता येत नाहीत, कारण नमुना उलटा आहे. बॉलची जाडी गणिताने काढावी लागते. त्याचा तर्क सरळ आहे: बॉल जिथे जाऊन आला त्या जागेत प्लास्टर असूच शकत नाही. म्हणून प्रत्येक बिंदूसाठी आजूबाजूच्या सगळ्या बॉलचे तळ त्या जागी किती उंचीवर आहेत ते बघायचं आणि त्यातला सगळ्यात खालचा आकडा घ्यायचा. तोच पृष्ठभाग. पायथनमध्ये दोन लूप. मग झेड उलटा करायचा, आणि एक्स आरशासारखा फिरवायचा. हे दुसरं राहिलं तर नक्षी डावी-उजवी उलट येते आणि साचा पूर्ण कोरून होईपर्यंत लक्षातही येत नाही. साच्यावर अक्षरं असतील तरच लगेच कळतं.

बॉलची जाडी काढावी लागते असा आणखी एक प्रसंग म्हणजे माप बदलणं. कुणाला लाकडी प्रतीऐवजी ॲल्युमिनियमचा साचा ओतून घ्यायचा असेल तर पॅटर्न सुमारे १.३ टक्के मोठा हवा, १२० मिलिमीटरला साधारण १.५६ मिलिमीटर. टूलपाथचे आकडे १.०१३ ने गुणलेत तरी कटरची त्रिज्या तीच राहते, म्हणून आधी खरा पृष्ठभाग काढा, मग गुणा, मग कॅममध्ये घाला. तिथे एसटीएलला पर्याय नाही.

लेझरबद्दल थोडक्यात. रेषा टाकणारा लेझर आणि तिरका कॅमेरा लावून, मशीन फक्त एका दिशेने सरकवत स्कॅन करता येतं, आणि ते प्रोबपेक्षा कितीतरी पट वेगवान आहे. पांढऱ्या प्लास्टरच्या उथळ नक्षीवर मी तेच वापरेन. पण वर्षानुवर्षं तेल-साखर प्यायलेला काळपट, चकचकीत सागवान प्रकाश कुठे गिळतो, कुठे आरशासारखा परतवतो, आणि खोल खाचेत कॅमेऱ्याच्या बाजूची भिंत रेषा झाकून टाकते. पावडर फवारून चमक घालवता येते, पण खाण्याच्या साच्यावर ती कशाला. स्पिंडलच्या जागी छोटा टाइम-ऑफ-फ्लाइट सेन्सर (प्रकाश जाऊन परतायच्या वेळेवरून अंतर मोजणारा), व्हीएल५३एल०एक्स सारखा, लावायचा विचार असेल तर तो लगेच सोडा. त्याची नजर २५ अंशांच्या कोनात पसरते आणि अचूकता मिलिमीटरांच्या घरात असते. तुमचं अख्खं पदक त्याला एकच धूसर खड्डा दिसेल.

स्कॅन करून त्याच टेबलावर कोरणारं तयार मशीन हवं असेल तर तेही होऊन गेलंय: रोलंडच्या मोडेला एमडीएक्स-१५ आणि २० मध्ये स्पिंडल काढून पिएझो सुईचं डोकं लावलं की मशीन स्कॅनर व्हायचं, ०.०५ मिलिमीटरपर्यंतच्या अंतराने. फॅब लॅबच्या (डिजिटल मशीनं असलेल्या खुल्या कार्यशाळेच्या) सुरुवातीच्या सामानात मोडेला असायचंच, आणि एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात सुरू झाली. जवळच्या फॅब लॅबमध्ये असं जुनं मशीन पडून असेल तर विचारून बघायला हरकत नाही. सुईचं टोक अगदी बारीक असल्यामुळे त्या आकड्यांना वरची बॉलनोजची युक्ती लागू होत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

कोरताना रफिंगला (जास्तीचं लाकूड काढायच्या पहिल्या फेऱ्यांना) वेगळं काही बनवायचं नाही. तीच बिंदूंची फाइल घ्या, प्रत्येक झेडमध्ये ०.४ मिळवा, आणि पहिल्या फेरीत कुठलाही झेड उणे १ च्या खाली जाऊ देऊ नका, दुसऱ्या फेरीत उणे २, असं उणे ८ पर्यंत. त्यानंतर मूळ फाइल फिनिशिंगला. ३०१८ ची ७७५ मोटर सागवानात एका फेरीला १ मिलिमीटर निमूटपणे घेते. दोन घ्यायला लावलं तर स्टेप चुकतात. नव्या लाकडाचे रेषे जुन्या साच्यात होते त्याच दिशेने ठेवा. प्रोब काढून कटर लावल्यावर झेडचं शून्य पुन्हा घ्या, आणि ते बॉलच्या तळाचंच घ्या, कारण स्कॅनचं शून्यही तसंच घेतलेलं आहे.

पहिला तुकडा एमडीएफमध्ये काढून जुन्या साच्याशेजारी ठेवा, तिरक्या उजेडात दोन्ही बघा. एमडीएफवर साखर ओतायची नाही, त्यात फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं. नक्षी जुळली की मग सागवान बांधा.